पावसात विरघळणारे डांबर आणि घटनेतला रस्ता

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात बपेरा हे टोकाचे गाव आहे. पुढे बावनथडी नदी आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा. तुमसरहून सिहोरामार्गे येणारा रस्ता येथे महाराष्ट्राची हद्द गाठतो. टोकाच्या गावाचे दुखणे ठरलेले असते. निधी मुख्यालयातून निघतो आणि टोकाला पोहोचेपर्यंत पावसाळा येतो! मग त्या टोकाच्या गावातही जी टोकाची वस्ती, तिथे काय उरत असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

रस्त्याच्या डांबराचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असे काही सुशिक्षित बांधव विचारतात. त्यांनी भारतीय संविधानाचे कलम 15(2) उघडून पाहावे. जातीच्या कारणावरून कोणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरास मनाई करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. विहीर आणि तलावाच्या रांगेत रस्ता बसवला गेला तो उगीच नव्हे. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या रस्त्यावरून उजळ माथ्याने चालता येत नव्हते, त्यांच्यासाठी तो शब्द तेथे आहे. म्हणजे चालण्याचा हक्क 1950 सालीच मिळाला. पण चालण्याजोगा रस्ता? तो दर जुलैमध्ये वाहून जात असेल तर त्या हक्काला अर्थ काय?

आता प्रश्न असा की रस्ता वाहून का जातो? पाऊस जास्त म्हणून, असे उत्तर मिळते. हे अर्धसत्य आहे. भंडारा जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो, पण तो काही लपूनछपून येत नाही. जूनच्या मध्याला येतो आणि ऑक्टोबरमध्ये परततो. शेतकऱ्याला धानाची रोवणी केव्हा करायची हे कळते, मग शासनाला डांबर केव्हा टाकायचे हे कळू नये?

डांबराचे शास्त्र सोपे आहे. डांबर गिट्टीला धरून ठेवते ते दोन्ही कोरडे आणि गरम असतील तर. गिट्टी ओली असली की पाणी मध्ये शिरते, डांबर सुटते आणि गाडीच्या चाकाबरोबर गिट्टी उडू लागते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांतच लिहिले आहे की पाऊस किंवा धुके असताना, रस्त्यावर पाणी साचलेले असताना आणि हवेचे तापमान 10 अंशांखाली असताना डांबरीकरण करू नये. नेहमीच्या वापरातले डांबरमिश्रण सुमारे 150 अंशांवर तयार होते आणि ते 90 अंशांखाली जाण्याआधी रोलर फिरून दाबणी पूर्ण व्हावी लागते. गावच्या रस्त्यावरचा थर जेमतेम 20 मिलिमीटरचा असतो. असा पातळ थर भराभर थंड होतो. म्हणून आपल्याकडे खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मेपर्यंतचा. तोवर बांध्यांतले पाणी उतरते आणि रस्त्याचा पाया सुकतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेच्या गारठ्यात नव्हे, तर ऊन चढल्यावर काम सुरू करायचे.

सहा महिन्यांचा हा हंगाम निसर्गाने दिला आहे. तो वाया कसा जातो? आपल्याकडे रस्त्याचे पंचांग हवामानावर नव्हे, तर 31 मार्चवर चालते. मंजुरी रेंगाळते, निविदा लांबते, मार्चअखेर निधी खर्ची दाखवण्याची धावपळ होते आणि कामाचा आदेश उन्हाळा संपता संपता निघतो. निवडणूक जवळ असली तर नारळ फोडण्याची घाई वेगळीच! काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी स्वतः पाहिले. मृगाच्या सरी येऊन गेल्या होत्या, जमीन ओली होती आणि मजूर ओल्या खडीवर डांबर पसरत होते. हटकले तर मुकादम म्हणाला, "वकीलसाहेब, बिल निघायचं हाये." पायात बूट नाहीत, हातात मोजे नाहीत अशी ती मजूर माणसे आपल्याच समाजाची होती. पोळलेल्या हातांनी ते जो रस्ता करत होते, तो त्यांच्याच वस्तीचा होता आणि तो पोळ्यापर्यंतही टिकला नाही.

दुसरा अपराध त्याहून मोठा आहे. तो म्हणजे देखभालीचा विसर. नवीन रस्त्याला फलक असतो, फीत असते, छायाचित्र असते. नाली साफ करण्याला यातले काही नसते. वास्तविक रस्त्याचे आयुष्य नालीत आहे. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार ठेवतात तो पाणी खाली उतरावे म्हणून. पण साइडपट्टीवर गवत-माती चढली, नाली बुजली, की पाणी रस्त्यावरच तुंबते. मे महिन्यात नाल्या मोकळ्या करणे, बारीक भेगा वेळीच डांबराने बुजवणे, खड्डा चौकोनी कापून, साफ करून, डांबर शिंपडून, भरून दाबणे ही कामे स्वस्त आहेत. खड्ड्यात मुरूम टाकणे म्हणजे मात्र जखमेवर माती टाकणे होय. दोन सरींत तो चिखल होतो.

त्यात जड वाहतुकीची भर. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेतील इलिनॉय येथे झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. म्हणजे क्षमतेबाहेर रेती भरलेला एक ट्रक गावाच्या शेकडो सायकली-मोटारसायकलींनी वर्षभरात होत नाही ते नुकसान करतो. रेती कोणाची, पैसा कोणाचा आणि खड्डा कोणाच्या नशिबी?

कायदा आपल्या बाजूने आहे. हिमाचल प्रदेशातील गरीब, बहुसंख्य दलित ग्रामस्थांनी अर्धवट सोडलेल्या रस्त्यासाठी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये डोंगरी भागातील लोकांसाठी रस्ता हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये सुस्थितीतील रस्ता हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. ती याचिका मुंबईच्या खड्ड्यांतून उभी राहिली. पण बाळंतपणासाठी तुमसरला निघालेल्या बपेऱ्याकडच्या बाईचा जीव मुंबईकराच्या जिवापेक्षा स्वस्त आहे काय? राजकीय समता मिळाली तरी सामाजिक-आर्थिक विषमता कायम राहील, हा धोका बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितला होता. मत एकसारखे आणि रस्ता वेगळा, हे त्याचेच रूप आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ रास्ता रोको करून थांबू नये. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 2(ञ) मध्ये कागद मागण्याबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. तो आपण फारसा वापरत नाही. कामाच्या आदेशाची तारीख, डांबर टाकल्याची तारीख आणि देखभालीची मुदत या तीन गोष्टी लेखी मागा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल त्याच कंत्राटदाराकडे असते, हे किती वस्त्यांना ठाऊक आहे? मुदतीत रस्ता उखडला तर नव्या निधीची मागणी करणे म्हणजे त्याला सोडून देणे होय. आधी त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्या.

आणि ग्रामसभेत ठराव घ्या: मे महिन्यात नाली, पावसात डांबर नाही, दिवाळीनंतर काम सुरू. विहिरीच्या पाण्यासाठी लढलेल्या समाजाला आता पाण्यापासून रस्ता वाचवण्यासाठी लढायचे आहे. जूनमध्ये ओल्या खडीवर डांबर पसरताना दिसले तर काम थांबवायला सांगणारा पहिला आवाज आपल्या वस्तीतून आला पाहिजे. कारण तो रस्ता आपल्याला मिळालेले दान नव्हे, तो घटनेने दिलेला हक्क आहे.