सल्लागार कालपर्यंत कोणाचा होता?

वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी किनारी रस्त्याबाबत आपली बाजू उघडपणे मांडली: बोटी आडव्या घालून, निवेदने देऊन. तेव्हा कुठे २०२२ मध्ये खांबांमधील अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर ठेवण्याचा निर्णय झाला.

कंपन्यांची बाजू मात्र बंद दालनात मांडली जाते. या लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदा भारतात नाही. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला पहिल्या वर्षात खासगी नोकरी करायची तर सरकारची परवानगी लागते. पण कालचा लॉबिस्ट आज मंत्र्याचा सल्लागार झाला, तर त्याचे जुने ग्राहक कोण, हे नागरिकांना कळत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करत नाही. धोरणालाही तेवढी शिस्त हवी. नेमणुकीआधी सल्लागाराचे जुने ग्राहक जाहीर व्हावेत. ही मागणी आपण आपल्या आमदाराकडे लेखी करूया.