माळ्यावरचं ब्रेड मशीन खाली काढा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या ज्या घरांत ब्रेड मशीन आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुणी ते हौसेनं घेतलेलं असतं, कुणाला दुबईहून आलेल्या भावानं दिलेलं असतं, कुणाकडे परदेशातली लेक येताना घेऊन आलेली असते. सुरुवातीला उत्साहानं पाव होतात. मग लक्षात येतं की कोपऱ्यावरच्या बेकरीत ताजा पाव रोज मिळतो, आणि मशीन माळ्यावर जातं. माझं सांगणं एवढंच की ते खाली काढा आणि त्यात तांदळाचा केक करून बघा. बटर मोची म्हणतात त्याला. आपल्या घरांना तो पावापेक्षा जास्त मानवेल, असं मला मनापासून वाटतं.

हा केक मूळचा हवाई बेटांवरचा. 1885 पासून जपानी कुटुंबं तिथल्या उसाच्या मळ्यांवर मोठ्या संख्येनं मजुरीला गेली. त्यांच्या चिकट तांदळाला तिथं नारळाचं दूध, लोणी, अंडी आणि साखर मिळाली. कडेनं खरपूस, आतून मऊ आणि चावताना किंचित ताणला जाणारा, असा हा केक. यातलं आपल्याला परकं काय आहे? कोकणातलं धोंडस आणि सांदण तांदळाच्या रव्याचंच असतं. नारळीपौर्णिमेला आपण नारळीभात करतो, आणि उल्हासनगरच्या सिंधी घरांत चेटीचंडला ताहिरी, म्हणजे गोड भात, होतोच. तांदूळ, नारळ आणि गोडवा हा मेळ इथल्या जिभेला नवा नाही.

सगळी मेख पिठात आहे. इथेच घाई होते. घरात भाकरीचं तांदळाचं पीठ असतं, ते वापरलं जातं, आणि केक कोरडा, भुसभुशीत होतो. मग दोष मशीनला मिळतो. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन द्रव्यं असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो, कमी असलेल्याचा आसट. मोचीच्या तांदळात अमायलोज जवळपास नसतंच, म्हणून तो शिजला की ताणला जातो. कोलम आणि बासमती मोकळ्या भाताचे तांदूळ आहेत. वाडा कोलम कितीही चांगला असला तरी तो ताटातच शोभतो, या केकसाठी तो घेऊ नका.

खरा चिकट तांदूळ भारतातही पिकतो. आसामचा बोरा साऊल आणि मणिपूरचा चाखाओ हे दोन्ही त्या जातीचे. चाखाओला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो काळा असतो, त्यामुळे केकला जांभळा रंग येतो, आणि मुलांना तो फार आवडतो. हे तांदूळ घरपोच मागवता येतात. परदेशी पिठाचा महागडा खोका घ्यायची मुळीच गरज नाही.

तेही नसेल तर आपल्याकडचे दोन तांदूळ आठवा. एक आंबेमोहर, ज्याचा मऊ भात आपण बाळाला भरवतो. दुसरा इंद्रायणी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तयार झालेला. उकडीच्या मोदकांसाठी हे तांदूळ घेतात ते उगाच नाही. पण खरं सांगायचं तर नुसत्या इंद्रायणीचा केक मऊ आणि घट्ट होतो, ताण त्याला कमी असतो. म्हणून अर्धा चिकट तांदूळ आणि अर्धा इंद्रायणी हा माझ्या मते खिशाला आणि चवीला दोन्हीकडून बरा हिशेब आहे.

पिठी मोदकाच्या पिठीसारखीच करा. तांदूळ तीन-चार वेळा धुवा, दोनेक तास भिजवा, सुती कापडावर सावलीत पसरा, हाताला जरा दमट लागत असतानाच मिक्सरमधून काढा आणि बारीक चाळणीनं चाळा. लगेच वापरायची नसेल तर पूर्ण वाळवून डब्यात भरा. गिरणीत देत असाल तर आधी कुणाचा तांदूळ दळला आहे याची खात्री करा. गव्हाच्या मागे टाकलेल्या तांदळात गव्हाचं पीठ येतंच.

आता मशीनबद्दल. हे यंत्र गव्हाच्या पिठासाठी घडवलेलं आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या इकुको तानाका यांनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे राहून मळण्याचा हात शिकून घेतला, आणि तो ताण-पीळ यंत्रात उतरवला. 1987 मध्ये ते घरगुती मशीन बाजारात आलं. मळल्यानं गव्हातलं ग्लूटेन बळकट होतं. तांदळात ग्लूटेन नसतंच, तेव्हा मळणं आणि फुगवणं यांचा इथे काही उपयोग नाही. पावाचा कार्यक्रम लावू नका. केकचा असेल तर तो, नाहीतर नुसतं भाजण्याचं बटण.

मशीन परदेशातून आलं असेल तर आधी त्याच्या बुडाशी लिहिलेला व्होल्टेज वाचा. जपानचं मशीन 100 व्होल्टचं, अमेरिकेचं 120 व्होल्टचं असतं आणि आपल्या घरात 230 आहे. योग्य ताकदीच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय ते लावलं तर जळेल. दुसरं, भांड्यात पाणी भरून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. मधल्या दांड्याचं रबर झिजलेलं असेल तर खालून थेंब येतील. घट्ट कणकेला ते चालून जातं, पण हे मिश्रण सैल असतं आणि ते थेट तापणाऱ्या भागावर गळेल. असं भांडं या कामाला घेऊ नका.

साधारण किलोभराचा पाव होणाऱ्या भांड्यासाठी हे प्रमाण घ्या: पिठी 225 ग्रॅम, साखर 180 ते 200 ग्रॅम, लोणी 50 ते 55 ग्रॅम, दोन अंडी, नारळाचं दूध 200 मिलिलीटर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, थोडी वेलची किंवा व्हॅनिला. शिवाय अर्धा लिटर दूध आटवून एका वाटीइतकं, म्हणजे साधारण 200 मिलिलीटर, करून घ्या. बाजारातलं पिवळं लोणी खारं असतं, ते घातलं तर वेगळं मीठ नको. अंडी चालत नसतील तर वगळा आणि थोडं नारळाचं दूध वाढवा. केक जरा दाट होईल, पण होईल. याच्या दुप्पट प्रमाण एकदम भांड्यात घालू नका. भांडं अरुंद आणि खोल असतं, कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं.

आधी पातळ पदार्थ, वरून पिठी, असं भांड्यात घाला. ढवळणं चालू असताना रबरी पलित्यानं कोपरे खरवडा, कारण पातं गोल फिरतं आणि भांडं चौकोनी असतं. नुसतं भाजण्याचं बटण असेल तर आधी हातानंच ढवळून घ्या. गुठळ्या मोडल्या की भाजणं सुरू होण्यापूर्वी पातं काढून घ्या. मग झाकण लावा आणि तासभर उघडू नका. पुढचा अर्धा तास लागू शकतो. विणायची सुई घालून पाहा. ती कोरडी निघणार नाही, कारण हा केक मुळातच चिकट आहे. तिच्यावर ओलं दुधट मिश्रण नसलं की झालं. मशीनची उष्णता खालून आणि बाजूनं येते, म्हणून वरची बाजू फिकी राहते. ती कच्ची समजून आणखी भाजत बसू नका. रंग हवाच असेल तर काप तव्यावर लोण्यात परता.

आणि गरम असताना कापू नका. यावर मी आग्रहीच आहे. गार झाल्यावरच स्टार्च घट्ट बसतं आणि सुरी सरळ जाते. रात्री लावून सकाळी कापलेला केक सगळ्यात नीट निघतो.

अशा मशीनला साधारण पाच-सहाशे वॉट लागतात. दीड तास चाललं तरी वीज एका युनिटच्या आतच. पण आपल्या भागात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. भाजणं अर्ध्यावर थांबलं आणि वीज लवकर येईलसं दिसेना, तर मिश्रण तूप लावलेल्या डब्यात काढा आणि कुकरमध्ये शिटी न लावता पाऊण तास वाफवा. कड खरपूस होणार नाही, पण पदार्थ वाया जाणार नाही.

पहाटे निघून दीड-दोन तास गाडीत उभं राहणाऱ्यांच्या डब्यासाठी हा केक फार सोयीचा आहे. त्याला क्रीम नाही, तो चुरत नाही, गर्दीत दबला तरी आकार धरतो. त्यात अंडी आणि नारळाचं दूध आहे, म्हणून उन्हाळ्यात एक दिवसच बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये तो कडक होतो, वाफेवर किंवा तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ पडतो.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नका. चिकट पदार्थ लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकू शकतो. जपानमध्ये नववर्षाला मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, घशात अडकून वृद्ध दगावल्याच्या बातम्या येतात. लोण्या-अंड्यामुळे हा केक तितका चिवट नसतो, तरी त्यांना बारीक तुकडे करून द्या आणि सावकाश चावून खायला सांगा. दुसरं, ज्यांना सीलिअॅकचा, म्हणजे ग्लूटेन न चालण्याचा, आजार आहे त्यांना, ज्या भांड्यात गव्हाचा पाव झालेला आहे त्यातला केक देऊ नका. धुतलेल्या भांड्याच्या दांड्यापाशी आणि पात्याच्या भोकात पीठ राहतं. घरून केक विकणाऱ्या ताईंना तर माझी हात जोडून विनंती आहे, की असं भांडं वापरत असाल तर डब्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहू नका, आणि अंडं घातलं असेल तर ते ठळक लिहा.

येत्या रविवारी वाण्याकडे इंद्रायणीचा अर्धा किलो मागा, चिकट तांदूळ आधीच मागवून ठेवा, आणि माळ्यावरचं मशीन पुसून ओट्यावर आणा.