दूध सोसत नाही, पण प्रथिने तर हवीत!

“वहिनी, मी ती पावडर-बिवडर बंद केलीय. पोटात ठरतच नाही. आता नुसतं रसम आणि डाळीचं पाणी घेते.”

ओरत्तनाडूहून अक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा, फोन होता. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन आठवडे झाले होते. आवाज खोल गेलेला. शेक घेतला की तासाभरात पोट फुगायचे, गुडगुडायचे आणि मग शौचाला पळापळ. घरातल्यांचे म्हणणे, ऑपरेशनच बिघडले असणार. अक्कांना वाटत होते, आपलेच काहीतरी चुकतेय.

मी म्हटले, “अक्का, डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. आणि शेक कशात कालवता ते सांगा.”

फोटो आला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘हाय प्रोटीन’. मागे घटकांच्या यादीत पहिले नाव व्हे प्रोटीन काँसन्ट्रेट, दुसरे स्किम मिल्क पावडर. आणि हे सगळे अक्का कालवत होत्या पेलाभर गाईच्या दुधात! ताकद यावी म्हणून.

पोटात नेमके काय होते?

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लागते. बाळपणी ते भरपूर असते. मोठेपणी आपल्यापैकी पुष्कळांचे कमी होते. उत्तर भारतापेक्षा दक्षिणेत असे लोक जास्त आढळतात. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेले की तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून वायू, कळा आणि जुलाब.

“पण मला आजवर दूध सोसत होतं की!” अक्का म्हणाल्या. खरे आहे. दिवसाला दोन फिल्टर कॉफी आणि भातावर दही, एवढेच त्यांचे दूध. थोडे थोडे, जेवणाबरोबर घेतलेले लॅक्टोज अनेकांना त्रास देत नाही. शस्त्रक्रियेनंतर मात्र गणित बदलते. अक्कांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली होती. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीसारख्या जठरातून पातळ पदार्थ भराभर पुढे आतड्यात उतरतात. बायपासमध्ये तर अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळूनच जाते. म्हणून आधी कधी न जाणवलेला त्रास आता उघडा पडतो. काहींचा तो काही महिन्यांनी कमीही होतो.

मग शेक सोडून का देऊ नये?

कारण वजन घटताना शरीर फक्त चरबी जाळत नाही, प्रथिने कमी पडली की स्नायूही जाळते. जखम भरायला, चालायची ताकद टिकायला, केस राहायला प्रथिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. कुणाला त्याहून जास्त. तुमचा आकडा तुमचे आहारतज्ज्ञ ठरवतील.

आता हिशेब पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. २०० मिली दुधात साडेसहाच्या आसपास, पण सोबत जवळजवळ १० ग्रॅम लॅक्टोज. रसम आणि डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिने नावापुरतीच. पहिल्या काही आठवड्यांत घोट घोट पातळ पदार्थांवरच राहायचे असते. एवढ्याशा पोटात ६० ग्रॅम बसवायचे, तर शेकचा आधार लागतोच. शेक सोडू नका, शेक बदला.

डबा घेताना हे पाहा

१. पहिले नाव कोणते? घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. व्हे काँसन्ट्रेटमध्ये थोडे लॅक्टोज उरतेच. व्हे आयसोलेट जास्त गाळलेले असते. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि लॅक्टोज अगदी थोडे. ‘ब्लेंड’ लिहिले असेल तर दोन्ही मिसळलेले असू शकते.

२. स्किम मिल्क पावडर आहे का? तिचा जवळजवळ निम्मा भाग लॅक्टोजच असतो. अनेक ‘पौष्टिक’ पावडरींत ती घातलेली असते.

३. साखर किती? साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या क्रमांकावर असतील, तर तो डबा ठेवून द्या. बायपास झालेल्यांना जास्त साखरेने घाम फुटणे, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. याला डंपिंग म्हणतात.

४. साखर नाही, मग गोडी कशाची? सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा इन्युलिन असेल तर त्यानेही वात धरतो. दर वेळी दोष लॅक्टोजचाच नसतो.

५. एका मापात प्रथिने किती? ३० ग्रॅमच्या मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिने असली तर उत्तम. ८-१० असतील, तर उरलेले काय आहे ते शोधा.

६. दुधाची ॲलर्जी आहे का? ही गोष्ट वेगळी. ‘लॅक्टोज-फ्री’ म्हणजे ‘दूध नाही’ असे नव्हे. लॅक्टोज-फ्री दुधात साखर आधीच फोडलेली असते, प्रथिने दुधाचीच असतात. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, दम लागणे असे होत असेल तर आयसोलेटही नको. अशांनी आणि दुधाचे काहीच न खाणाऱ्यांनी सोया किंवा वाटाण्याची प्रथिने डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

७. कशात कालवणार? साध्या पाण्यात. बदामाचे दूध चालते, पण त्यात प्रथिने फारच थोडी असतात. नारळाच्या दुधाचेही तसेच, वर चरबी. सोया दुधात मात्र गाईच्या दुधाच्या जवळपास प्रथिने असतात, बिनसाखरेचे घ्या.

ऑपरेशनच्या आधीच करून पाहा

बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेच्या सुमारे दोन आठवडे आधी कमी उष्मांकांचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि शल्यचिकित्सकांना काम करायला जागा मिळते. हाच काळ शेकची परीक्षा घ्यायचा. एकदम दोन किलोचा डबा आणू नका. आधी छोटी पाकिटे आणा, एक-दोन चवी पाहा. शस्त्रक्रियेनंतर जिभेची चवही बदलते. आज आवडलेले चॉकलेट उद्या नको होते. पाकीट सीलबंद, बिलासह आणि परवाना क्रमांक, मुदत पाहूनच घ्या.

पिताना घाई नको. एक शेक अर्ध्या ते एक तासात, घोट घोट. घन आहार सुरू झाला की जेवण आणि पेय यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची गोळी शेकबरोबर घ्यावी की अंतराने, हे डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा स्वतः ठरवू नका.

पुढे ताटातले

शेक कायमचा नाही. मऊ आहार सुरू झाला की प्रत्येक घासात आधी प्रथिने: अंड्याचा पांढरा भाग, मऊ शिजवून घोटलेली मूगडाळ, टोफू, चालत असेल तर वाफवलेले मासे. पनीरमधले बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते, दह्यातले काही जिवाणूच खातात. म्हणून हे दोन्ही पुष्कळांना सोसतात. चमचाभर घेऊन पाहा. भात, इडली त्यानंतर.

हे मात्र अंगावर काढू नका

ताप, पोटात किंवा खांद्यात तीव्र दुखणे, छातीत धडधड, दम लागणे, पाणीही न ठरणे, शौचात रक्त: यातले काहीही दिसले तर शेक बदलत बसू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. सतत उलट्या होत असतील तरी लगेच कळवा; जीवनसत्त्व ब-१ कमी पडून मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

अक्कांनी दुसऱ्याच दिवशी आहारतज्ज्ञांना डबा दाखवला. आयसोलेट, पाण्यात, दिवसातून दोनदा असे ठरले. चौथ्या दिवशी फोन आला, “पोट शांत आहे.” चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा पुन्हा घाबरल्या, पण वजन भराभर उतरताना ते होते आणि बहुधा परत येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

परवा आम्ही ओरत्तनाडूला गेलो होतो. तंजावूरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर हे गाव. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले मुक्ताम्बाळ छत्रम् इथे आहे. राजांच्या छत्रांत वाटसरूंना जेवण मिळे, आणि कुणी आजारी पडले तर औषध आणि त्याला सोसेल असे पथ्याचे अन्न. अक्का आमच्याबरोबर छत्रापर्यंत चालत आल्या. सहा महिन्यांपूर्वी गल्लीच्या टोकाला बसाव्या लागायच्या.

घरी सासूबाईंनी सगळ्यांसाठी पेला पेला दूध आणले. अक्कांच्या हातात त्यांनी न बोलता पाण्यात कालवलेला शेक दिला.

तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आजच त्यांच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञांना दाखवा.