नोकरी सांभाळून पदवी: शिष्यवृत्ती मिळते का?

पुण्यात दुकानात किंवा कारखान्यात काम करत पदवी घेणाऱ्यांपुढे नाशिकचे मुक्त विद्यापीठ, 'इग्नू' आणि पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला असे पर्याय आहेत. खरी अडचण पैशांची. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. पण दूरस्थ व अर्धवेळ अभ्यासक्रम तिच्यातून वगळलेले आहेत. म्हणजे घरखर्चासाठी कमावणाराच बाहेर! अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत मात्र दूरशिक्षण बसते. तिथे उत्पन्नमर्यादा अडीच लाख. 'इग्नू'चे शुल्क दरवर्षी भरता येते, मात्र परीक्षा शुल्क वेगळे लागते. त्यामुळे प्रवेशाआधीच महाडीबीटीवर योजनेची पात्रता तपासावी आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा.