आधी थांबायचं बोला!

जुन्या मोटारींचे भक्त आणि जुन्या संगीत नाटकांचे भक्त यांत एक साम्य असतं. दोघांनाही काही बदललेलं खपत नाही. फरक एवढाच, की नाटक उतारावर सुटत नाही.

आमच्या मेव्हण्यांनी १९६२ सालची एक पिकअप घेतली. तिला मूळचा हिरवा रंग दिला, हौद्याला सागवानी फळ्या ठोकल्या, रबरी भोंगा जुन्या बाजारातून हुडकून आणला. आणि ‘जरा पळायला हवी’ म्हणून इंजिन मात्र दुसरं, दांडगं बसवलं. मी विचारलं, ‘‘आणि ब्रेक?’’

‘‘भावोजी, ब्रेक ओरिजिनल आहेत, ओरिजिनल!’’ पेशव्यांची सनद दाखवावी तसा चेहरा.

मी कॉमर्सचा. भौतिकशास्त्राशी आमचं शाळेतच फाटलं. पण वेग दुप्पट केला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, एवढं मलाही कळतं. ताशी ४० ऐवजी ८० ने जाल, तर थांबताना ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते. असलं व्याज आमची बँकसुद्धा लावत नाही! कर्ज वाढवायचं आणि तारण साठ वर्षांपूर्वीचंच ठेवायचं, या व्यवहाराला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

जेजुरीहून येताना दिवे घाट उतरलो तेव्हा हे सगळं प्रात्यक्षिकासह समजलं. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे आतल्या शूपासून लांब जातो. लायनिंगची पकडही उष्णतेने ढिली पडते. पेडल ‘या, बसा’ म्हणत खाली गेलं. मेव्हण्यांनी खालचा गिअर टाकला, मी खंडोबाला नव्याने नवस बोललो आणि दोघांच्या संयुक्त प्रयत्नांनी गाडी थांबली. डिस्क ब्रेकचं तसं नसतं. चकती उघड्या वाऱ्यावर फिरते, लवकर निवते, भिजली तरी लवकर वाळते.

शिवाय या जुन्या गाडीत चारी चाकांचं तेल एकाच मास्टर सिलिंडरातून, एकाच वाटेने जातं. एक नळी फुटली की चारी चाकं मोकळी. एकत्र कुटुंबच म्हणा! अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दोन वेगळ्या वाटा सक्तीच्या झाल्या. आमच्याकडे अजून एकच चूल.

ॲक्सलची कथा तर विचारू नका. नव्या इंजिनाचा जोर पहिल्या गिअरमध्ये कितीतरी पटींनी वाढून त्या म्हाताऱ्या शाफ्टवर जातो. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये चाक शाफ्टलाच धरून असतं. शाफ्ट मोडला तर चाक स्वतंत्र प्रवासाला निघू शकतं. मोठ्या ट्रकच्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये चाकाचा भार बाहेरची नळी पेलते, शाफ्ट नुसता फिरवतो. हे मेव्हण्यांना मेकॅनिकनेच सांगितलं होतं. मेव्हण्यांनी त्याला भोंग्याची किंमत सांगितली.

आता खरी गंमत ऐका. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. आणि नको असलेले फेरफार म्हणून नावं घेतलीत ती चासी, बॉडी आणि इंजिन यांची! म्हणजे यांनी हौसेने बदललं तेच नेमकं नको होतं, आणि छातीशी धरून ठेवलं त्या ब्रेकचं तिथे नावही नाही. हे मी वाचून दाखवल्यावर दोन दिवस आमच्याकडे फोन नव्हता.

तिसऱ्या दिवशी आला. बहिणीने झापलं असावं. पुढे डिस्क बसवायला, दोन वाटांचा मास्टर सिलिंडर घालायला, मागचा ॲक्सल बदलायला तयार आहेत. सगळं ठरलं, मेकॅनिकने मापं घेतली आणि सांगितलं, की डिस्कचा कॅलिपर जुन्या रिममध्ये मावत नाही, रिम मोठ्या घ्याव्या लागतील.

‘‘पण भावोजी,’’ मेव्हणे म्हणाले, ‘‘रिम ओरिजिनल आहेत!’’