मुहूर्त पाळायचा नसेल तर पत्रिकेवर छापता कशाला?



लग्नातल्या उशिराबद्दल आपल्याकडे सध्या जी पत्रे छापून येत आहेत, त्यांतली बहुतेक डीजेवाल्याला दोष देतात. मला ते पटत नाही. डीजेवाला सुपारी घेऊन आलेला असतो, थांब म्हटले की थांबतो. थांब म्हणणारा कोणी नसतो, हे खरे दुखणे आहे.

याच आठवड्यात नांदुऱ्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पत्रिकेवर मुहूर्त 11 वाजून 35 मिनिटांचा. मंगलाष्टके सुरू झाली पावणेदोनला. मारुतीच्या देवळापासून कार्यालय हाकेच्या अंतरावर, पण वरात तेवढ्यात अडकून पडली. बाहेर ऊन रणरणते, मंडपातले पंखे गरम वारा फेकत होते. मुठीतल्या अक्षता घामाने भिजून तळहाताला चिकटल्या होत्या. शेजारी मधुमेह असलेल्या एक आजी बसल्या होत्या. नातीवर अक्षता पडेपर्यंत जेवायचे नाही, म्हणून सकाळपासून उपाशी. शेवटी त्यांना भोवळ आली, तेव्हा कोणीतरी धावत जाऊन गूळ-पाणी आणले. बाहेर नाचणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

आपल्या लोकांना शिस्त नाही, हे मी मानणार नाही. हीच माणसे शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनबारीत तासन्‌तास मुकाट उभी राहतात, महाप्रसादाच्या रांगेत ढकलाढकली करत नाहीत. गाडी चुकू नये म्हणून स्टेशनवर वेळेआधी हजर असतात. मग बोलावलेल्या पाहुण्याचाच वेळ कवडीमोल कसा?

वरात पोहोचली तरी सुटका नाही. लगेच माइकवर पुढाऱ्यांचे स्वागत सुरू. आजी, माजी, भावी, सगळ्यांची नावे पदासकट. नवरी हातात हार घेऊन ताटकळते आणि आशीर्वादपर भाषणे चालू राहतात. लग्नाचा मांडव ही प्रचाराची जागा नव्हे, हे त्या पुढाऱ्यांनीच सांगायला हवे. वरातीतल्या आवाजाचेही तसेच. निवासी भागात दिवसा आवाजाला 55 डेसिबलची मर्यादा घालणारे नियम 2000 सालापासून आहेत. वरातीत पुढे चालणाऱ्या लोकप्रतिनिधींना ते ठाऊक नसतील असे वाटत नाही.

मुलीचा बाप या दिवशी तोंड उघडू शकत नाही. म्हणून वरपित्यांनाच हात जोडून विनंती आहे: वरात दोन तास आधी काढा, वेळ झाली की मुलाला घोड्यावरून उतरवा आणि पुढारी आलेले नसले तरी मंगलाष्टके सुरू करा.

— एक ज्येष्ठ नागरिक, नांदुरा (जि. बुलढाणा)