भरवसा लशीवर, पहारा हातावर

२०२१ च्या उन्हाळ्यात एक मथळा वर्तमानपत्रांत सारखा छापून येत होता. 'झोपडपट्ट्यांत लशीबद्दल गैरसमज.' शेजारी फोटो. पदर तोंडाशी धरलेली बाई, मागं गटार. बस्स. पांढरपेशानं चहाचा घोट घेत मान हलवायची, काय करणार, अडाणी लोक!

दोस्तहो, मला या 'गैरसमज' शब्दाचा हिशेब करायचाय. कुणाची शंका चौकस ठरते आणि कुणाची अडाणी, हे ठरवणारा कोण?

१६ जानेवारी २०२१. देशात करोनाची लस टोचायला सुरुवात झाली. पहिली सुई दिल्लीत कुणाच्या दंडात गेली? मंत्र्याच्या नाही. शेठच्या नाही. एका सफाई कामगाराच्या. टाळ्या पडल्या, कॅमेरे चमकले. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या दंडाला एकदम पहिला मान! लस होती कोव्हॅक्सिन. ३ जानेवारीला तिला तातडीची परवानगी मिळाली ती 'चाचणी चालू असल्याप्रमाणे' वापरायच्या अटीवर. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ती किती गुण देते हा आकडा तेव्हा बाहेरच आला नव्हता. टोचून घेणाऱ्याची संमतीपत्रावर सही घेत होते.

त्याच दिवशी दिल्लीतल्याच एका मोठ्या सरकारी इस्पितळातल्या निवासी डॉक्टरांनी वरिष्ठांना लिहून दिलं, की हिची चाचणी पुरी झालेली नाही, आम्हाला कोव्हिशील्ड द्या. बरोबर केलं त्यांनी. डॉक्टरनं नाही विचारायचं तर कुणी? पण गंमत बघा. डॉक्टरनं विचारलं ती शास्त्रीय सावधगिरी. वस्तीतल्या बाईनं तेच विचारलं, 'आमच्यावर ट्राय मारताय का?' तर तो गैरसमज. प्रश्न एकच. पत्ता वेगळा.

हा भेद आजचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात शिरला. गोरे शिपाई घराघरांत घुसले, बायामाणसांना ओढून काढलं. २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी रोगनिवारणावरचा तो राग शाळेच्या पुस्तकात देशभक्ती म्हणून बसला. जुलूम झालाच होता, नाही म्हणत नाही. पण सव्वाशे वर्षांनी आमची बाई सुईकडे बघून दोन पावलं मागं सरली, तर तिला धडा नाही, टोमणा मिळतो. आणि त्याच १८९७ च्या १० मार्चला, मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर उचलून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई त्याच रोगानं गेल्या. साथीत माणसाला हात लावायचा की त्याच्यावर हात टाकायचा, दोन्ही नमुने एकाच वर्षातले.

लशीचंही तसंच. हाफकिननं प्लेगची लस मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्या माणसाला सलाम. पण पुढचा नंबर कुणाचा? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांचा. म्हणे ते राजीखुशीनं पुढे आले. तुरुंगात राजीखुशी किती तोळे मिळते, ते मला कुणी सांगावं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एका बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. खापर हाफकिनवर फुटलं. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. बिघाड लशीत नव्हता, त्या एका बाटलीत झाला होता.

इथंच माझा मुद्दा आहे. लस एक गोष्ट, ती देणारा हात दुसरी. वस्ती घाबरते ती बहुतेक वेळा हाताला.

का घाबरू नये? २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचली. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या. सात मुली मेल्या. २०१० मध्ये काम थांबवलं. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध लागत नाही असं चौकशीत म्हटलं. मान्य. ती लस आज जगभर देतात, ती चांगलीच आहे. पण पोरगी कुणाची आणि सही कुणाची? संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये या प्रकाराचे वाभाडे काढले. ही माहिती ज्याला आहे त्याला 'गैरसमज' झालेला नसतो. त्याला समज आलेली असते.

माझी आत्या कंत्राटावर झाडू मारते. मुकादमानं सांगितलं, सुई नाही तर हजेरी नाही. ती मला म्हणाली, "सुई घेते रं मी. पण ताप आला तर त्या दिवसाचा खाडा कोण भरणार?" लशीनंतर एकदोन दिवस ताप, अंगदुखी येते हे सगळ्यांना माहीत. महिन्याच्या पगारवाल्याला ती रजा. आत्याला तो उपास. मुकादमाकडं उत्तर नव्हतं. झोपडपट्टीचं 'प्रबोधन' करायला निघालेल्यांनीही या प्रश्नाला हात घातला नाही. पोस्टर छापणं स्वस्त, खाडा भरणं महाग.

इथवर टाळ्या वाजवल्या असतील तर थांबा. आता आपल्यातल्या शूरांकडं वळतो.

आपल्या कट्ट्यावर काही पोरं बसतात. मोबाइलवर आलेलं पुढं ढकलतात. लशीनं वांझपण येतं, लशीनं दोन वर्षांत माणूस मरतो, टोचल्या जागी लोखंड चिकटतं. आणि वर तोंड करून म्हणतात, आम्ही व्यवस्थेला नकार दिला. च्यायला, हा नकार? रोग काय व्यवस्थेच्या बंगल्यात राहायला होता? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासलं. झोपडपट्टीत शंभरांतल्या ५७ जणांना रोग होऊन गेलेला, बाहेरच्या इमारतींत १६ जणांना. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं आणि गल्लीला एक संडास असला की रोगाला आमंत्रण लागत नाही. मग लस नाकारून नुकसान कुणाचं? ज्यांनी आपल्याला दवाखाना दिला नाही त्यांचं काम आपणच हलकं करायचं?

आकडे नीट वाचायला शिका. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात पंचवीस हजारांवर माणसं होती. निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेली सुई. नुसत्या सुईवाल्यांत १०६ जण आजारी पडले, लसवाल्यांत २४. म्हणून ७७.८ टक्के. याचा अर्थ लस घेऊन कुणाला होणारच नाही असा नाही. २४ जणांना झालाच. पुढे विषाणूनं रूप बदललं, लागण टाळायची लशीची ताकद महिन्यांगणिक उतरली. पण मरण टाळायची ताकद बरीच टिकली. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये गणित मांडलं. लशीच्या पहिल्या वर्षात भारतात सुमारे ४२ लाख मरणं टळली असा त्यांचा अंदाज. त्यात आपल्या किती आया, किती आत्या असतील, मोजा.

आणि धोका? होता. कोव्हिशील्डच्या जातीच्या लशीनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे युरोपच्या औषध नियामकानं एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलं. तिकडं प्रमाण लाखात एकदोन. २०२४ मध्ये कंपनीची ब्रिटनच्या कोर्टातली कबुली छापून आली, तेव्हा इकडं बोंब उठली, जणू काल कळलं. खुद्द करोनानं गुठळ्या होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. पण लाखातला तो एक आपल्या घरातला असला तर? त्याला कोण विचारणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात हात वर केले, की लशीनंतरच्या मृत्यूला सरकार जबाबदार नाही, भरपाई हवी तर दिवाणी कोर्टात जा. लढायचं असेल तर इथं लढा ना! लोखंड चिकटवत काय बसलात?

पुन्हा लस अडवली कुणी तेही बघा. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना मोबाइलवर नोंदणीची सक्ती. इंग्रजी येणारी, बोटं झरझर चालणारी शहरी पोरं गाडीनं खेड्यातल्या केंद्रावर जाऊन टोचून आली, गावचा माणूस दारात उभा. जूनमध्ये खाजगी इस्पितळातला कमाल दर कोव्हिशील्डला ७८० रुपये, कोव्हॅक्सिनला १४१०. आणि १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये चढायला दोन डोस पाहिजेत. आधी रांगेत मागं ढकलायचं, मग रांगेत मागं राहिला म्हणून कामावर जाऊ द्यायचं नाही. याला म्हणतात सार्वजनिक आरोग्य!

आपल्या पँथरनं १९७२ मध्ये ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडं बघा. त्याच १९७२ मध्ये टस्कीगीचं बिंग फुटलं. सरकारी डॉक्टरांनी चाळीस वर्षं शेकडो काळ्या माणसांचा उपदंश नुसता बघत ठेवला. औषध असून दिलं नाही. डॉक्टरीवर थुंकायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना. पण पँथरांनी काय केलं? स्वतःचे फुकट दवाखाने काढले. रक्त तपासायला शिकले. औषध नाकारलं नाही, औषधावरची मालकी मागितली.

आपल्यालाही तेच करायचंय. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कुणाला बळजबरीनं लस टोचता येणार नाही, आणि चाचणीचे, दुष्परिणामांचे आकडे लोकांपुढं ठेवा. या निकालाचा अर्धाच भाग काही लोक नाचवतात. आपण दुसरा अर्धा धरायचा. पुढची साथ येणारच. तेव्हा प्रत्येक वस्तीत चार पोरापोरींनी आकडे वाचून मराठीत समजावले पाहिजेत. संमतीपत्र वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. टोचल्यावर अर्धा तास बसायला सावली आणि डॉक्टर. तापाच्या दिवसाचा भरपगारी खाडा. काही बरंवाईट झालं तर कोर्टाच्या पायऱ्या न झिजवता भरपाई.

हे मागा, भांडून घ्या. आणि दंड पुढं करा. कारण आपण जिवंत राहण्यात इथं कुणाला रस नव्हता, तो आपल्यालाच घ्यावा लागणार आहे.